यंत्राची रोजकीर्द

पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दीचे रुमाल आहेत. अमुक तिथीस इतके जमा, इतके खर्च, अमक्यास इतके दिले, एवढाच त्या कागदांचा संसार. एम. ए.ला असताना मला बखरींचे वेड होते आणि रोजकीर्दीचा मनस्वी कंटाळा. बखरीत लढाई असते, संवाद असतात, लिहिणाराचा रागलोभ असतो. रोजकीर्दीत नुसती तिथी आणि आकडा. आमचे प्राध्यापक यावरून मला नेहमी टोकीत. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद ते उदाहरणादाखल सांगत. बखरींच्या आधाराने इ. स. १६२७ हे साल कित्येक वर्षे धरले जात होते. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी कोरडी नोंद निघाली, आणि वादाचे पारडे फिरले. महाराष्ट्र शासनानेही पुढे २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मान्य केली. ज्या शकावलीत वाङ्मयगुण औषधालाही नाही, तिने हे काम केले.

प्राध्यापकांचे म्हणणे मला तेव्हा पटले होते, परंतु उमगले नव्हते. ते उमगण्यास एक संगणक बिघडावा लागला.

आम्हां इंदूरकर मराठी मंडळींना वाचनालयाचे महत्त्व सांगावयास नको. होळकरशाहीपासून येथे स्थिरावलेल्या घरांतून मराठी टिकली ती देवघर, स्वयंपाकघर आणि वाचनालय या तीन ठिकाणी. आमच्या पेठेतील वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी गेली अकरा वर्षे आहे. या वाचनालयाचे खरे धन छापील पुस्तकांत नव्हते. ते होते भगिनी मंडळाच्या हस्तलिखित वार्षिकांत. १९३८ पासून १९८१ पर्यंत दरवर्षी एक अंक, सुवाच्य अक्षरात, कडेला वेलबुट्टी काढलेला, आणि प्रत एकच. कोणी नर्मदेच्या परिक्रमेची हकीकत लिहिली आहे, कोणी माळवी बायकांकडून ऐकलेल्या गोष्टी, कोणी नुसताच दिवाळीच्या फराळाचा हिशेब. १९७४ च्या अंकात माझ्या आईचा एक लेख आहे. माहेरचे कोकण सोडून माळव्यात आल्यावर पहिल्या वर्षी तिला समुद्राची गाज झोपेत कशी ऐकू येई, हे तिने चार पानांत लिहिले आहे. तिच्या हातचे असे लेखन दुसरे कोठेही नाही.

२०१८ साली काही उत्साही तरुणांनी या अंकांची पाने स्कॅन केली. लगेच पुढच्या पावसाळ्यात छत गळले, आणि नेमके त्याच कपाटावर. लक्षात येईपर्यंत पाने एकमेकांना चिकटून कागदाचा लगदा झाला होता. म्हणजे मूळ गेले आणि छाया राहिली. ती छाया एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती. २०२१ मध्ये एका जुन्या वाचकाने आपल्या कचेरीतून निवृत्त केलेला एक सर्व्हर वाचनालयाला दिला, तेव्हा सारे त्यावर घेतले. आणि बाहेरची डिस्क आमच्यापैकीच एकाने पुतण्याच्या लग्नाच्या चित्रफितीसाठी कोरी करून नेली. "सर्व्हरवर आहेच की," असे त्यांनी म्हटले, आणि आम्ही सर्वांनी मान डोलावली. मीही.

येथे थोडे थांबून या सर्व्हरच्या पोटात काय असते ते सांगितले पाहिजे, म्हणजे पुढील हकीकत कळेल.

संगणकातील मजकूर ज्या चकतीवर राहतो ती हार्ड डिस्क हे एक नाशवंत यंत्र आहे. आत चकत्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असतात, आणि त्यांच्यावरून लिहिणारा-वाचणारा काटा केसाहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतो. ती कधीतरी बंद पडणार, हे ठरलेलेच. यावर उपाय म्हणून १९८८ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. एक मोठी, महागडी डिस्क घेण्याऐवजी स्वस्त डिस्क अनेक घ्याव्यात आणि त्यांची अशी मोट बांधावी की एक गेली तरी काम अडू नये, असा त्याचा आशय. या व्यवस्थेला त्यांनी 'रेड' असे नाव दिले.

एक गेली तरी मजकूर कसा वाचतो, हे मी वर्गात फळ्यावर असे दाखवतो. तीन मुलांचे गुण लिहावेत, १२, १५ आणि ९. चौथ्या रकान्यात बेरीज लिहावी, ३६. आता यांतील कोणताही एक आकडा पुसा. उरलेल्या तिघांवरून तो काढता येतो. १५ पुसला, तर ३६ मधून १२ आणि ९ वजा करा, १५ परत मिळतात. पण दोन आकडे पुसले तर मात्र गुरुजींच्या हाती खडू तेवढा राहतो. यंत्र साधी बेरीज करीत नाही, तिची एक दूरची बहीण वापरते, आणि बेरजेचा रकानाही एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सर्वांवर फिरवते. परंतु तत्त्व हेच. आमच्या सर्व्हरमध्ये अशा चार डिस्क होत्या. कोणता आकडा कोठे लिहावा, बेरीज कधी करावी, पुसलेला आकडा कसा काढावा, हे सारे पाहणारा कारकून म्हणजे स्टोरेज कंट्रोलर. तो सर्व्हरच्या आतील एक स्वतंत्र छोटा संगणकच असतो. त्याला स्वतःचा मेंदू आहे, स्वतःची स्मृती आहे, आणि चांगल्या कारकुनाप्रमाणे तो स्वतःची वहीही लिहितो. या वहीला लॉग म्हणतात. हा शब्द मूळचा खलाशांचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा ओंडका बांधून पाण्यात सोडीत, आणि मिळालेला वेग वहीत लिहीत. ओंडक्याचे नाव वहीला चिकटले, आणि वहीवरून ते यंत्राच्या नोंदीला मिळाले.

तर २०२३ चा जुलै. अधिक श्रावण नुकताच लागला होता. शुक्रवार, २१ तारीख. रात्री आठच्या सुमारास वीज कडाडली, दिवे गेले, आले, पुन्हा गेले. सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला, "सर, संगणकावर अंकांची पेटीच दिसत नाही." मी गेलो. सर्व्हर सुरू होता, कारण त्याची चालू होण्याची व्यवस्था एका वेगळ्या छोट्या डिस्कवर होती. परंतु चार डिस्कची मोट नाहीशी झाली होती. चार दिव्यांपैकी दोन पिवळे. दुसरा आणि तिसरा.

जवळच्या दुकानातून एक तंत्रज्ञ आला. माणूस कष्टाळू, मनाने चांगला. त्याने सर्व्हर तीनदा बंद करून चालू केला. तिसरी डिस्क हाताला फिरताना जाणवत होती, दुसरी अगदी गप्प होती. यावरून त्याने निदान केले की दुसरी मेली आहे आणि तिसरी जिवंत. तिसरीला बळेच मोटेत घ्यावे, म्हणजे तीन होतील आणि काम भागेल. "नाहीच झाले तर मोट नव्याने बांधू," असेही तो म्हणाला. ते नव्याने बांधणे म्हणजे फळाच पुसणे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. निदान मला पटले. जे फिरते ते जिवंत, जे गप्प ते मेलेले, यात न पटण्यासारखे काय आहे?

तेवढ्यात मला माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आठवण झाली. तो हैदराबादला एका मोठ्या संगणककेंद्रात अशाच यंत्रांची देखभाल करतो. शाळेत असताना निबंधात अतिशय थोडे लिहिणारा मुलगा. मी त्याला पसारा वाढव, पसारा वाढव म्हणून कंटाळलो होतो. फोन केला. सगळे ऐकून घेऊन त्याने एकच विचारले, "सर, लॉग काढला का?"

"नाही बुवा. तो काय असतो?"

"मग कोणाला काही करू देऊ नका. पुन्हा बंद-चालूही नको. आधी लॉग बाहेर काढू, मग ठरवू."

तंत्रज्ञ थोडा हिरमुसला. पण थांबला, हे त्याचे उपकार.

या कंट्रोलरच्या दोन वह्या असतात, असे मला त्या दिवशी कळले. पहिली घटनांची वही. तीत प्रत्येक घटनेला अनुक्रमांक, वेळ, गांभीर्याची पायरी आणि एका ओळीचे वर्णन असते. पायऱ्या चार : माहिती, इशारा, गंभीर आणि घातक. ही वही वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत राहते. दुसरी वही म्हणजे त्या कारकुनाचे स्वगत. तो स्वतःशी जे जे पुटपुटतो ते सर्व तीत असते. जाणकार तिला टीटीवाय लॉग म्हणतात, आणि ही अक्षरे टेलिटाइप या जुन्या टंकयंत्राच्या नावातून आली आहेत. पहिली वही आपल्यालाही थोडीफार वाचता येते. दुसरी यंत्र बनविणाऱ्याच्या अभियंत्यालाच कळते. परंतु मदत मागायला गेलो की तो प्रथम तीच मागतो.

दोन्ही वह्यांना एक मोठे व्यंग आहे. पाने ठरलेली असतात. शेवटचे पान भरले की कारकून पहिल्या पानावरचे पुसून त्यावरच लिहू लागतो. यंत्र एकदा बंद-चालू केले की स्वगताच्या वहीत पुष्कळ ओळींची भर पडते आणि तितकाच जुना मजकूर जातो. संगणक अडला की तो बंद करून चालू करावा, हा आपला सर्वांचा घरगुती उपचार. येथे तोच उपचार पुरावा खातो. आमच्या तीन वेळच्या बंद-चालूत स्वगताच्या वहीतील जुनी पाने गेलीच होती. घटनांची वही मोठी असल्याने वाचली.

वही बाहेर काढण्याच्या वाटा दोन-तीन आहेत. सर्व्हर सुरू होत असेल तर त्यावर कंट्रोलरशी बोलणारा एक लहान प्रोग्रॅम असतो. मेगारेड जातीच्या कंट्रोलरसाठी स्टोरसीएलआय, डेलच्या पर्क कंट्रोलरसाठी पर्कसीएलआय, एचपीईच्या स्मार्ट ॲरेसाठी एसएसएसीएलआय. हा शेवटचा सगळा वृत्तान्त एका झिप फाइलमध्ये बांधून देतो. सर्व्हर सुरूच होत नसेल तरी चांगल्या सर्व्हरमध्ये देखरेखीचा आणखी एक छोटा संगणक असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ. भिंतीतील वीज चालू आहे तोवर तो जागा असतो, आणि दुसऱ्या संगणकावरून ब्राउझरने त्याच्याशी बोलून बिघाडाच्या नोंदी मागवता येतात. या सोयीसाठी एक वेगळी तार जोडून ठेवावी लागते. ती आमच्याकडे जोडलेली नव्हती, हे सांगणे नकोच.

आमचा सर्व्हर सुरू होता, म्हणून पहिली वाट घेतली. प्रशासकाचा पासवर्ड लागला. तो ग्रंथपालबाईंनी आवक-जावक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेला निघाला. विद्यार्थी फोनवरून एकेक अक्षर सांगत होता आणि मी टंकीत होतो. "स्लॅश, सी, शून्य." मी शून्याऐवजी इंग्रजी ओ दाबला. असा कंट्रोलर नाही, असे उत्तर आले. ज्याच्या शुद्धलेखनाच्या चुका मी लाल शाईने खुणावल्या, तो मला शुद्धलेखन शिकवीत होता. "सर, ओ नाही, शून्य. कंट्रोलर क्रमांक शून्य. ही यंत्रे शून्यापासून मोजतात." हे शेवटचे वाक्य मी तेव्हा कानाआड केले. पुढे त्यावरच सारे अडले होते.

वही कोठे ठेवायची, याचेही त्याने बजावले. आजारी डिस्कवर अजिबात नाही; पेन ड्राइव्ह लावा आणि फाइल त्यावर घ्या. घरात आग लागली असता दागिन्यांची यादी त्याच घरात ठेवण्यासारखे ते होईल. घटनांची वही काढली, मग स्वगताची, मग डिस्कची आणि मोटेची सद्यःस्थिती. तीन फाइली. आकार विचाराल तर माझ्या भ्रमणध्वनीवरील एखाद्या छायाचित्राएवढा. त्या त्याला पाठविल्या आणि आम्ही चहा मागविला.

चहा येईपर्यंत मी पहिली फाइल उघडून वाचू लागलो. दीड-दोन हजार ओळी. बहुतेक नोंदी रोजकीर्दीसारख्या नीरस : गस्त सुरू झाली, गस्त संपली, बॅटरी तपासली, बॅटरी ठीक. होय, कंट्रोलर डिस्कवरून अधूनमधून गस्त घालतो आणि कोठे अक्षर पुसट झाले आहे का ते पाहतो. शेवटाकडे आदल्या रात्रीची गडबड होती. पण वेळ दुपारी २ वाजून ४२ मिनिटे! वीज तर रात्री आठनंतर गेली होती. मला वाटले, वहीच खोटी. फोनवर विचारले तेव्हा तो हसला. आमच्या सर्व्हरचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावलेले होते; साडेपाच तास मिळवा, म्हणजे ८ वाजून १२ मिनिटे होतात. यंत्र सुरू होण्याच्या क्षणाच्या नोंदीत तर घड्याळाची वेळच नसते, सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. म्हणून जाणता माणूस वेळेपेक्षा अनुक्रमांकावर अधिक भरवसा ठेवतो. शक आणि सन यांचा मेळ घालणारा इतिहाससंशोधक मला आठवला.

तासाभराने त्याचा फोन आला. आवाज शांत होता.

"सर, दोन्ही डिस्क एकाच वेळी गेलेल्या नाहीत. एक मार्चमध्येच गेली आहे. चौदा मार्चला सकाळी पावणेआठला. तेव्हापासून तुमची मोट तीन डिस्कवरच चालली होती. दुसरी काल रात्री गेली."

"मग?"

"मार्चमध्ये गेली तिच्यावर मार्चपर्यंतचाच मजकूर आहे. तिला बळेच आत घेतले असते तर चार महिन्यांपूर्वीचे आकडे आणि कालची बेरीज यांची वजाबाकी झाली असती."

फळ्यावरचे गणित माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. उत्तर आलेच असते. प्रत्येक ठिकाणी काही ना काही आकडा आलाच असता, आणि तो चुकीचा असता. आणि यंत्राने तो चुकीचा आकडाच खरा मानून पुढे लिहायला घेतला असता.

"मार्चची कोणती?"

"लॉगमध्ये दोन नंबर."

मी तंत्रज्ञाकडे विजयी मुद्रेने पाहिले. म्हणजे दुसरी, ती गप्प असलेली. त्याचेच निदान खरे. तो पुढे सरसावलाही.

"सर," फोनवर तो म्हणाला, "शून्यापासून मोजा."

शून्य, एक, दोन. दोन म्हणजे तिसरी. जी हाताला फिरताना जाणवत होती, जिला आम्ही जिवंत समजत होतो, ती मार्चमधली. गप्प असलेली दुसरी, म्हणजे त्याची एक नंबरची, तीच कालपर्यंत प्रामाणिकपणे काम करीत होती. खात्रीसाठी त्याने लॉगमधील अनुक्रमांकाची दहाबारा अक्षरे वाचून दाखविली आणि मी चष्मा कपाळावर सरकवून डिस्कच्या चिठ्ठीवरून ती ताडून पाहिली. जुळली.

काल रात्री ती का गेली, हेही स्वगताच्या वहीत होते. चकतीवर ओरखडा वगैरे काही नव्हते. वीज आली-गेली तशी कंट्रोलरने हाक मारली, डिस्कने ओ दिली नाही. पुन्हा हाक, पुन्हा शांतता. मग त्याने तिला मृत म्हणून खाली लिहिले. म्हणजे दोष जोडणीचा असण्याचा संभव. सर्व्हर बंद करून ती डिस्क बाहेर काढली, जोडणी साफ केली, नीट बसविली. ती फिरू लागली. त्या बारीक घुर्र आवाजाने ग्रंथपालबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

शुद्ध शास्त्र असे सांगते की, या वेळी प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत काढून मग प्रतीवर प्रयोग करावेत, आणि हे काम त्यात मुरलेल्या माणसाकडे द्यावे. आमच्या शिल्लकेत ते बसत नव्हते. पुढील तासाभराची क्रिया विद्यार्थ्याने हैदराबादहून स्वतः आमच्या यंत्रात शिरून केली. ती मी येथे देत नाही, कारण कोणी वाचून करून पाहू नये. एक नंबरची आत घेतली गेली, दोन नंबरची बाहेर राहिली, आणि मोट केवळ वाचण्यापुरती उघडली. नवी बाहेरची डिस्क मी घरी जाऊन खर्चाचे पैसे घेऊन आणली. प्रत निघायला अकरा तास लागले. बाई आणि मी रात्रभर वाचनालयातच बसलो. गंमत अशी की, पुस्तकांनी भरलेल्या त्या खोलीत दोघांनीही एक पान वाचले नाही.

पहाटे अंक उघडून पाहिले. १९३८ चा पहिला उघडला, मग मधले काही. १९७४ चा मी एकट्याने उघडला. चार पाने होती. गेले ते थोडेसेच : वीज गेली त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या देवघेवीच्या दोन याद्या.

ज्यांच्या घरी सर्व्हर नाही त्यांना ही हकीकत परकी वाटेल; पण आता पुष्कळ घरांत परदेशी असलेली मुले दोन डिस्कची एक छोटी पेटी बसवून देतात, आणि मुंजी-लग्नांची छायाचित्रे तीत जमा होत असतात. त्या पेटीलाही वही असते आणि ती बाहेर काढण्याची सोय तिच्या सेटिंगांतच दिलेली असते. पेटी चांगली चालू असताना एकदा ती वही काढून पाहावी. संकटात वाट शोधणे जमत नाही, माझ्यासारख्याला तर मुळीच नाही. पिवळा दिवा लागला की लेकाला फोन करण्यापूर्वी पेटी बंद-चालू करू नये. आणि दोन डिस्क आहेत म्हणजे प्रत आहे, असे मानू नये. मोट ही डिस्कच्या मरणावर उपाय आहे. चुकून पुसण्यावर, चोरीवर, गळक्या छतावर नाही. वेगळी प्रत वेगळ्या घरात हवी. यंत्र आधी सांगूनच बिघडेल, या भरवशावरही राहू नये. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी, धोक्याच्या म्हणून ठरलेल्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखविली नव्हती.

लॉग दुसऱ्याकडे पाठविताना आपला खाजगी मजकूर जाईल का, अशी शंका काही सभासदांनी बैठकीत काढली. कंट्रोलरच्या वहीत फाइलींतील मजकूर नसतो. त्याला आकड्यांची पेटी कोणती हे माहीत असते, पेटीत आईचा लेख आहे की फराळाचा हिशेब हे नसते. परंतु देखरेखीच्या संगणकाकडून मागविलेल्या मोठ्या संग्रहात यंत्राचे नाव, जाळ्यावरचे पत्ते, अनुक्रमांक असे पुष्कळ काही येते. म्हणून तो ज्याला द्यावयाचा त्यालाच द्यावा, चार जणांच्या गटावर टाकू नये.

आता एक गोष्ट राहिली. ती सांगितल्यावाचून हा लेख संपादकांकडे पाठविणे मला प्रशस्त वाटले नाही.

मार्चमध्ये डिस्क मेली तेव्हा कंट्रोलर गप्प बसला होता का? नव्हता. चौदा मार्चच्या नोंदीनंतर काही ओळींवर आणखी एक नोंद आहे. ग्रीनिचची वेळ ११ वाजून ५ मिनिटे; म्हणजे आपले दुपारचे ४ वाजून ३५ मिनिटे. पायरी : माहिती. वर्णन : वापरकर्त्याने अलार्म बंद केला.

परीक्षेचे दिवस होते. वाचनालयाच्या अभ्यासिकेत मुले बसलेली. सकाळपासून कपाटामागून टीऽऽ टीऽऽ असा आवाज येत होता. शाळा सुटल्यावर मी तेथे गेलो. संगणकाची कामे हौसेने करणाऱ्या एका मुलाने सांगितले की, बहुधा वीजसाठ्याच्या पेटीचा आवाज असावा, पाहावे लागेल. मुलांच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून मी त्याला म्हटले, "ते नंतर पाहू, आधी तो आवाज बंद कर." नंतर कोणीच पाहिले नाही. मी तर ते विसरूनही गेलो होतो. जुलैच्या त्या सकाळी मी सर्वांसमोर, अगदी मनापासून, म्हणालो होतो की यंत्राने काही सूचनाच दिली नाही. ती माझी बखर होती.

तीस वर्षे मी मुलांना विचारीत आलो आहे, काच कोणी फोडली ते सांगा. विद्यार्थ्याने ती ओळ पाहिली असणारच. एक नंबर कोणती आणि दोन कोणती हे ज्याला दिसले, त्याला हे दिसले नसेल असे नाही. त्याने मला विचारले नाही. निबंधात थोडे लिहिणारा मुलगा तो.

ऑगस्टमध्ये नवी डिस्क बसविली. नऊ तासांत मोट पुन्हा चारांची झाली. त्यानंतर त्याच्याच सांगण्यावरून मी अलार्म सुरू करण्याची आज्ञा टंकली, या वेळी शून्य बरोबर दाबून. लॉगमध्ये तशी नोंद पडली : वापरकर्त्याने अलार्म सुरू केला. यंत्राच्या वहीत वापरकर्त्याचे नाव नसते. म्हणून वाचनालयाच्या शेरेबुकात मी १४ मार्च २०२३ ही तारीख घातली, वेळ घातली, त्यापुढे एक ओळ लिहिली आणि खाली सही केली.